गणाच्या जागी कोण? जलशाच्या गाण्यांतील समाजभाष्य

तमाशात पहिला मान गणाचा असतो. ढोलकी आणि हलगी कडाडून थांबतात, झीलकरी तुणतुणे आणि झांज घेऊन शाहिराच्या मागे उभे राहतात आणि शाहीर गणपतीला आवाहन करतो. मग गौळण येते: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी उजाडेपर्यंत रंगणारा वग. हा क्रम खेड्यातल्या प्रेक्षकाला इतका पाठ असे की पुढे काय येणार हे त्याला सांगावे लागत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी हाच क्रम, हीच वाद्ये आणि याच चाली घेतल्या आणि त्यांत आपला मजकूर भरला. या प्रयोगाला त्यांनी जलसा म्हटले. महाडच्या सत्याग्रहानंतर आंबेडकरी चळवळीने जलसा आपलासा केला आणि १९४४ पासून लाल बावटा कलापथकाने तमाशाचाच साचा कामगारांच्या लढ्यासाठी वापरला. या तिन्ही परंपरांत आरंभीची जागा रिकामी राहिली नाही. तिथे कोणाचे नाव घ्यायचे, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरले. म्हणूनच या गाण्यांचा अर्थ लावताना नुसते शब्द वाचून भागत नाही. ते शब्द कोणत्या जुन्या गाण्याच्या जागी बसले, कोणत्या चालीवर बसले आणि कोणासमोर म्हटले गेले, हे पाहिले की त्यांतले समाजभाष्य पुरते उलगडते.

जोहार: एका शब्दाचा प्रवास

समाजावर बोट ठेवणारे गाणे मराठीत जलशाच्या फार आधीपासून आहे. चौदाव्या शतकातल्या चोखामेळ्याच्या अभंगांत विटाळाचे दुःख आहे. त्याची पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालते. प्रत्येक देहाची उत्पत्तीच विटाळातून होत असेल तर सोवळा कोण उरला, असा तिचा सरळ युक्तिवाद आहे. मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर हीन जातीत जन्माला का घातले म्हणून देवालाच जाब विचारणारा आवाज ऐकू येतो. एकाच घरातले हे तीन सूर शेजारी ठेवून वाचले की विनवणी, युक्तिवाद आणि जाब या समाजभाष्याच्या तिन्ही रीती तेव्हाच तयार झालेल्या दिसतात.

सोळाव्या शतकात एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, महार अशी गावातली पात्रे बोलती केली. भारुडाला दोन पदर असतात. वरचा पदर गावातल्या रोजच्या व्यवहाराचा, आतला अध्यात्माचा. ‘जोहार’ या प्रकारातल्या रचनांत महार कारभाऱ्यांसमोर उभा राहून वर्दी देतो. वरवर ती गावच्या कारभाराची हकिगत असते, पण गाव म्हणजे देह आणि धनी म्हणजे परमेश्वर, असा अर्थ तिच्यात गुंफलेला असतो. चोखामेळ्याच्या नावावरही जोहाराचा अभंग आहे.

जोहार हा महाराने वरच्या जातींपुढे वाकून घालायचा नमस्कार होता. संतांच्या रचनेत तो देवाच्या दारी घातला गेला आणि त्याला भक्तीचा मान मिळाला. आंबेडकरी चळवळीने हा शब्द सोडून दिला. १९३० च्या दशकात कामठीचे बाबू हरदास यांच्या प्रयत्नाने ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ झाला. तो बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला, मान वर ठेवून म्हणायचा शब्द आहे. त्यामुळे सोळाव्या शतकातल्या रचनेत ‘जोहार’ आला तर तो शरणागतीचा समजायचा आणि विसाव्या शतकातल्या गाण्यात आला तर तो टाकून द्यायच्या जुन्या जिण्याची खूण समजायचा. शब्द तोच राहतो, पण तो कोण, कोणाला आणि कधी म्हणतो यावर त्याचा अर्थ उलटतो.

पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरी भरास आली. संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम हे त्या काळातले गाजलेले शाहीर. त्यांत ब्राह्मण होते, गवळी होते, मुसलमान होते. अनंत फंदींनी फटका हा उपदेशाचा प्रकार लोकप्रिय केला. या शाहिरांनी व्यसन, उधळेपणा आणि दुटप्पी वागणे यांवर कोरडे ओढले. पण त्यांचा रोख बहुधा माणसाच्या वर्तनावर असे. माणसांची उतरंड लावणारी व्यवस्थाच चुकीची आहे, हे म्हणणे शाहिरी रचनेत ठामपणे आले ते जोतीराव फुले यांच्याबरोबर.

फुले यांचा पवाडा आणि मंगलाष्टके

पोवाडा हा मूळचा वीराच्या स्तुतीचा प्रकार. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा, हे जुन्या पोवाड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. १८६९ मध्ये फुले यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा लिहून छापला. त्यात त्यांनी महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले. कुळवाडी म्हणजे जमीन कसणारा रयत. गोब्राह्मणांचा प्रतिपालक ही ओळख रुजत असतानाच्या काळात फुले यांनी तोच राजा शेतकऱ्यांच्या रांगेत आणून उभा केला. प्रस्तावनेत त्यांनी आपला वाचक कोण हेही सांगितले. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा पवाडा लिहिला आणि त्यांना कळावे म्हणून अवघड संस्कृत शब्द टाळले, असे ते म्हणतात. पोवाड्याच्या इतिहासात हे मोठे वळण आहे. शाहिराला आश्रय देणाऱ्या धन्याच्या जागी इथे प्रथमच शेतात राबणारा श्रोता बसला.

दुसरे उदाहरण मंगलाष्टकांचे आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली आणि भटजीवाचून लग्न लावणे हा समाजाच्या कामाचा मोठा भाग बनला. फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात अशा लग्नासाठी मंगलाष्टके दिली आहेत. एरवी मंगलाष्टके भटजी म्हणतो आणि वधूवर मान खाली घालून ऐकतात. फुले यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतःच बोलतात. स्त्रियांना हक्क नाहीत, त्यांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, ते मिळवून देण्याची शपथ घे, असे वधू भर मांडवात वराला सांगते आणि वर तसे वचन देतो.

या ओळी कागदावर वाचल्या तर स्त्रीसमतेचा उपदेश वाटतात. लग्नमंडपात ऐकल्या तर फार मोठा बदल ध्यानात येतो. अक्षता हातात घेतलेले वऱ्हाडी तेच, अंतरपाटाची ती घटका तीच. पण ज्या क्षणी मुलीने गप्प राहायचे, त्याच क्षणी ती बोलते. भाष्याचा निम्मा भाग शब्दांत आहे आणि निम्मा ते शब्द तिच्या तोंडी देण्यात.

सत्यशोधक जलसा

तमाशाच्या साच्यावर जलसा उभारण्याचे श्रेय सामान्यतः जुन्नरजवळच्या ओतूरचे भीमराव महामुनी यांना दिले जाते. सभेला न येणारी माणसे तमाशाला येतात, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही गाणे पाठ होते, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नेमकी हेरली. जलसा या शब्दाचा अर्थच बैठक किंवा सभा. तमाशा या शब्दाला चिकटलेली हलकेपणाची भावना बाजूला ठेवून प्रबोधनाची सभा असे नवे नाव त्यांनी आपल्या खेळाला दिले.

गणात पहिला बदल झाला. फुले यांनी जगाच्या कर्त्याला ‘निर्मिक’ असा शब्द दिला होता. मूर्ती नसलेला, मध्यस्थ न लागणारा आणि सर्व माणसांना सारखे निर्माण करणारा. जलशाच्या आरंभी या निर्मिकाला नमन होऊ लागले आणि त्याबरोबर जोतीरावांचे गुणगान. गणपती या शब्दाचीही फोड झाली. गण म्हणजे लोक, त्यांचा पती म्हणजे लोकांचा पुढारी, असा अर्थ सत्यशोधक परंपरेत सांगितला गेला. ऐकणाऱ्याला गणाची सवय होती, त्यामुळे नमनाच्या जागी काहीतरी वेगळे घडले हे त्याला पहिल्या कडव्यातच कळे. जो भटजीशिवाय पावतो, तोच देव खरा, ही सत्यशोधकांची भूमिका व्याख्यानाशिवाय त्याच्यापर्यंत पोचे.

गौळणीतली कृष्णलीला गाळली गेली किंवा तिच्या जागी भटजी आणि यजमान यांचा संवाद आला. वगाची गोष्ट साधी असे. शेतकऱ्याच्या घरी लग्न किंवा मर्तिक निघते. भटजी मुहूर्त आणि दानदक्षिणा यांची यादी सांगतो. पैसा नसतो, म्हणून शेतकरी सावकाराकडे जातो. कागदावर काय लिहिले ते त्याला वाचता येत नाही आणि जमीन गहाण पडते. शेवटी सत्यशोधक येतो आणि हे सारे कसे घडले ते उलगडून सांगतो. कलगी-तुऱ्याच्या फडांत शिव-शक्तीच्या कूटप्रश्नांवर रंगणारे सवाल-जवाब इथे धर्मशास्त्रावर आणि व्यवहारावर होऊ लागले. भटजीच्या तोंडी संस्कृतप्रचुर भाषा आणि शेतकऱ्याच्या तोंडी गावची बोली, या भाषेच्या फरकातूनच कोणाकडे विद्या आहे आणि कोणाकडून ती हिरावली गेली हे दिसे.

या गाण्यांतले ‘शेटजी’ आणि ‘भटजी’ हे शब्द वाचताना त्या काळची खेड्यातली व्यवस्था समोर ठेवावी लागते. दक्षिणा घेणारा, गावचे दप्तर लिहिणारा कुलकर्णी, कचेरीतला कारकून आणि कर्ज देणारा सावकार यांची साखळी फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या पुस्तकात तपशिलाने दाखवली होती. जलशाच्या गाण्यांतला राग त्या साखळीवर आहे. तरवडीहून ‘दीनमित्र’ चालवणारे मुकुंदराव पाटील यांनी तर ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले. हे नावच शिवलीलामृतासारख्या पोथ्यांची आठवण करून देते. देवाच्या लीला सांगणाऱ्या पोथीचा घाट घेऊन त्यांनी गावच्या दप्तरातल्या लबाड्या सांगितल्या. पोथी ऐकण्याची रीत माहीत असलेल्या श्रोत्याला या नावातच अर्धी टीका कळत असे. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द केले, त्यामागच्या असंतोषाचा सूर या ग्रंथात स्पष्ट ऐकू येतो.

१९२० च्या दशकात ही गाणी शहरातल्या रस्त्यावर आली. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघत. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी त्यांच्या तोडीला छत्रपती मेळा उभा केला. मेळ्याच्या पदांतली धार जलशापेक्षा तीव्र होती, कारण समोरच्या मेळ्याच्या पदाला त्याच संध्याकाळी उत्तर द्यायचे असे. अशी पदे एकेकटी वाचली तर नुसती चिखलफेक वाटते. सवालाशेजारी जवाब ठेवला की शहराची सार्वजनिक जागा कोणाची, हा त्यातला खरा वाद समोर येतो.

आंबेडकरी जलसा

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. या घटना खेडोपाडी पोचवण्याचे काम जलशांनी केले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे या परंपरेतले प्रमुख नाव. केरूजी घेगडे, केशव सुखा आहेर, अर्जुन भालेराव यांच्यासारख्या शाहिरांनी हा वारसा वाढवला. कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले. जलशाची मांडणी, विषय आणि गाणी जपून ठेवणारा तो मोलाचा ठेवा आहे.

चाळीच्या पटांगणात किंवा महारवाड्याच्या चावडीपुढे गॅसबत्ती लागे. दिवसभर गिरणीत किंवा शेतात राबलेली माणसे बायकामुलांसह जमिनीवर बसत. गणाच्या जागी आता बाबासाहेबांचे नाव येई. चवदार तळे, काळाराम मंदिर, १९३२ चा पुणे करार हे विषय वगांत आणि पोवाड्यांत येत. वृत्तपत्र ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हते त्यांना स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय, करारात काय मिळाले आणि काय गेले, हे जलशातून समजे. राजकारणातला अवघड मुद्दा सवाल-जवाबात मांडला की लहान मुलालाही तो दुसऱ्या दिवशी सांगता येई.

तमाशात महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या स्त्रिया नाचत आणि त्या नाचावर वरच्या जातींचा प्रेक्षक पैसे उधळी. पट्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि त्यांची जोडीदारीण पवळा यांचा फड महाराष्ट्रभर गाजला. बापूराव जन्माने ब्राह्मण आणि पवळा महार. पवळेच्या कलेला लोकांनी डोक्यावर घेतले, पण तिच्या जातीचे अस्पृश्यपण त्यामुळे सुटले नाही. जलशाने नाचीला स्थान दिले नाही आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या. आपल्या लेकीबाळींना कोणाच्या करमणुकीसाठी उभे राहावे लागणार नाही, हा स्वाभिमानाचा निर्णय त्यामागे होता. त्याची दुसरी बाजूही खरी आहे. या निर्णयाने लावणीतली कसबी स्त्री-कलावंत प्रबोधनाच्या रंगमंचाबाहेर राहिली. जलशाच्या गाण्यांत स्त्री बरेचदा आई, शिकणारी मुलगी किंवा सत्याग्रही म्हणून येते, यामागे हा इतिहास आहे.

आंबेडकरी जलशाच्या गाण्यांचा रोख दोन दिशांना असतो. एक बाहेरच्या जुलुमाकडे: पाणवठा बंद, देऊळ बंद, तराळकी-वेसकरकीची फुकट चाकरी. दुसरा आतल्या बाजूला: मेलेले जनावर ओढणे आणि त्याचे मांस खाणे सोडा, दारू सोडा, जत्रा-कोंबड्यांवर कर्ज काढू नका, मुले शाळेत घाला. ही दुसरी गाणी वाचताना चूक होण्याचा संभव फार असतो. वरवर पाहणाऱ्याला त्यांत गरिबालाच दोष दिलेला दिसतो. प्रत्यक्षात मेलेले जनावर ओढणे हे गावाने लादलेले काम होते. ते नाकारणे म्हणजे गावाच्या हुकमाला नाही म्हणणे, आणि त्याबद्दल बहिष्कार, मारझोड सोसण्याची तयारी ठेवणे. ‘आपण हे सोडू’ असे जेव्हा शाहीर आपल्याच माणसांसमोर म्हणतो, तेव्हा तो उपदेशाच्या रूपात संपाची हाक देत असतो. गाण्यात ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे की ‘आपण’ आहे, याकडे म्हणून नीट पाहावे लागते. ‘आपण’ हा शब्द गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच लढ्यात उभे करतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गणाची जागा पुन्हा बदलली. आरंभी बुद्धाला वंदन आणि मग भीमवंदना, असा क्रम रुळला.

लाल बावटा आणि मैना

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या मातंग कुटुंबातला. अमर शेख हे बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊंनी तमाशाचा घाट घेऊन ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ असे वग लिहिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर निर्बंध आले, तेव्हा या खेळांसाठी लोकनाट्य हे नाव पुढे आले. त्यांच्या गणात नमन आहे ते मायभूमीला आणि तिच्यासाठी प्राण देणाऱ्यांना.

अण्णा भाऊंची मुंबईवरची लावणी समजण्यासाठी पट्ठे बापूरावांची मुंबईवरची लावणी आधी ऐकली पाहिजे. बापूरावांची मुंबई डोळे दिपवणारी, बाजारपेठांची, नाना जातींच्या माणसांची नगरी आहे. खेड्यातून आलेल्या प्रेक्षकाला ते शहराची सैर घडवतात. अण्णा भाऊही सैर घडवतात, पण मलबार हिलच्या श्रीमंतीकडून ते परळच्या कामगारवस्तीत आणतात. बंगले कोणाचे आणि घाम कोणाचा, ही दोन्ही दृश्ये ते एकाच लावणीत शेजारी ठेवतात. जुनी लावणी ज्याच्या कानात आहे त्याला हे उत्तर वाटते, आणि ती माहीत नसलेल्याला नुसते वर्णन.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. पेशवाईतल्या विरहाच्या लावणीत बहुधा स्त्री बोलते. धनी मोहिमेवर गेला आहे आणि ती वाट पाहते आहे. अण्णा भाऊंनी इथे पुरुषाला बोलते केले आणि मोहिमेच्या जागी रोजगारासाठीची मुंबई आणली. गाणारा आपल्या मैनेचे रूप गावाकडच्या उपमांनी डोळ्यांपुढे उभे करतो. मग तो मुंबईत येतो. काम शोधणाऱ्या हजारोंमध्ये मिसळून जातो, पैशाची मिजास बघतो. शेवटाकडे विरहाचा पदर उलगडतो. आपली आणि मैनेची जी गत, तीच दुभंगलेल्या महाराष्ट्राची, असे तो म्हणतो आणि बेळगाव-कारवारसारख्या दूर राहिलेल्या मुलखाची नावे घेतो.

या रचनेत तीन अर्थ एकावर एक रचले आहेत. पहिला नवराबायकोच्या ताटातुटीचा. दुसरा गिरणगावातल्या कामगाराचा, ज्याच्या मजुरीत कुटुंब मुंबईत आणणे बसत नव्हते आणि ज्याला एका खोलीत पाळीपाळीने दहाबारा जणांबरोबर झोपावे लागे. तिसरा भाषिक राज्याचा. राज्याच्या सीमेचा प्रश्न नकाशावर कोरडा वाटतो. अण्णा भाऊंनी तो अशा माणसाच्या तोंडी दिला ज्याला ताटातूट म्हणजे काय हे रोज रात्री कळत होते. शिवाजी पार्कच्या सभेला येणारा कामगार सीमाप्रश्नाला आपला प्रश्न मानू लागला, त्यात या छक्कडीचा मोठा वाटा आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, बेळगाव-कारवार बाहेरच राहिले, आणि त्यामुळे मैनेचे गाणे आजही पुरे झालेले नाही.

वामनदादा आणि सिनेमाच्या चाली

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गाण्यांबरोबर जलशाचा पुढचा टप्पा येतो. त्यांना शाळा मिळाली नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी मुंबईत. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले, आणि ते एका हिंदी गाण्याच्या विडंबनातून जन्मले. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव पायपीट करून गायली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत.

त्यांच्या काळात जलशाचा पूर्ण रात्रीचा क्रम मागे पडत गेला. त्याची जागा गायन पार्टी, कव्वालीचे सामने आणि पुढे कॅसेट यांनी घेतली. चाली लावणी-पोवाड्याबरोबर सिनेमातूनही येऊ लागल्या. यावर उसनवारीचा आरोप होतो, पण तो या परंपरेचा धर्म ओळखत नाही. फुले यांनी मंगलाष्टक घेतले, मुकुंदरावांनी पोथी घेतली, अण्णा भाऊंनी लावणी घेतली. कारण लोकांच्या कानात जे आधीच होते त्यावर नवा शब्द लवकर बसतो. १९५० नंतरच्या चाळीत लोकांच्या कानात सिनेमाचे गाणे होते. प्रेमगीताच्या चालीवर बाबासाहेबांचे ऋण गायले की ती चाल पुन्हा ऐकताना नवे शब्दच आधी ओठांवर येतात.

शेवटच्या कडव्यात वामनदादा आपले नाव गुंफतात. नाममुद्रेची ही रीत संतांची आणि शाहिरांची. अभंगात ती भक्ताची सही असते आणि फडात शाहिराच्या गुरूची व घराण्याची खूण. ज्यांची नावे गावच्या दप्तरात केवळ जातीने लिहिली जात, त्या समाजातला कवी स्वतःचे नाव ओळीत घालतो आणि ते शेकडो गावांत गायले जाते, हे ध्यानात घेतले की नाममुद्राही समाजभाष्याचाच भाग ठरते.

छापील पुस्तिका वाचताना

जलशाची आणि भीमगीतांची बरीच गाणी आज स्वस्तातल्या पातळ पुस्तिकांत सापडतात. जयंतीच्या आणि स्मृतिदिनाच्या मेळाव्यांत त्या विकल्या जात. अनेक गाण्यांवर ‘चाल’ म्हणून एका जुन्या गाण्याचा मुखडा छापलेला असतो. संग्रह काढताना संपादक ही ओळ पुष्कळदा गाळतात, कारण ती कवितेचा भाग वाटत नाही. अभ्यासकाला मात्र तिच्याइतका मोलाचा धागा दुसरा नाही. त्या ओळीवरून गाणे केव्हाचे असावे याचा अंदाज बांधता येतो, कोणते गाणे बाजूला सारून हे पुढे आले ते कळते आणि ऐकणाऱ्यांच्या कानात काय होते तेही कळते.

चालीबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. गाणे कार्यक्रमात कोणत्या जागी म्हटले जाई. नमनाच्या जागचे गाणे आणि वगातले गाणे यांचे काम वेगळे असते. गाण्यातले ‘आपण’ कोण. गाणारा आणि ऐकणारा एका वस्तीतले की समोरासमोरचे. आणि गाण्यात आलेली गावची कामे, कर, करार, सत्याग्रह यांचा नेमका संदर्भ काय. कारण तराळ, वेसकर, कुलकर्णी, गहाणखत हे शब्द आजच्या वाचकाला शब्दकोशातून अर्धेच कळतात. एवढे केले म्हणजे जुन्या पुस्तिकेतले साधे दिसणारे पद आपल्या काळाचा आणि आपल्या माणसांचा पुरता हिशेब सांगू लागते.

बाबासाहेबांच्या जयंतीला, १४ एप्रिलच्या संध्याकाळी, वस्त्यांतून गाण्यांचे कार्यक्रम होतात. वाद्ये बदलली, गौळण आणि बतावणी गेली, वगही राहिला नाही. वंदनगीत मात्र आजही पहिले म्हटले जाते. ओतूरच्या जलशाने गणाच्या जागेवर जो बदल सुरू केला, त्याची खूण त्या पहिल्या गाण्यात शिल्लक आहे.